रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, पण मागचा आकडा किती होता?

माझे मामा डोंबिवलीचे, वय 72. पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगली होती, म्हणून ठाण्यात त्यांचं ईव्हीएआर झालं. यात पोट उघडत नाहीत. जांघेतल्या धमनीतून घडी केलेला स्टेंट-ग्राफ्ट वर नेतात आणि फुगलेल्या भागात आतून बसवतात. तिसऱ्या दिवशी मामा घरी.

पाचव्या दिवशी किडनीची टेस्ट सांगितली होती. मामी म्हणाली, “अरे, किडनीला काय झालंय?” झालं नव्हतं, पण होऊ शकतं. किडनीच्या धमन्या ग्राफ्टच्या वरच्या टोकाजवळच असतात. धमनीच्या भिंतीवरचे कण सुटून तिकडे अडकू शकतात. शिवाय एक्स-रेवर धमन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला आयोडीनचा डाय किडनीतूनच बाहेर पडतो. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणजे कधीकधी पेशंट घरी गेल्यावर.

लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. क्रिएटिनिन 1.2. बोल्ड नाही, लाल बाण नाही. मी अंगठा टाकून मोकळा झालो!

चूक माझीच. लॅबचं सॉफ्टवेअर एवढंच बघतं की आकडा रेंजच्या आत आहे की बाहेर. साधं इफ-एल्स. ऑपरेशनआधीचा आकडा 0.9 होता, पण तो दुसऱ्या लॅबचा आणि माझ्या जुन्या फोनमध्ये. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 ने वाढलं, तर आकडा रेंजमध्ये असूनही डॉक्टर त्याला किडनीची अचानक झालेली इजा मानतात. मामांची वाढ नेमकी कधी झाली हे कळायला मार्ग नव्हता, पण दोन्ही आकडे शेजारी बघताच डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली आणि पुन्हा टेस्ट सांगितली. दोन आठवड्यांनी 1.0 आलं.

रिपोर्टवर ईजीएफआर असेल तर तोही बघा. तो मोजलेला नसतो; क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून काढलेला असतो. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने 72 वर्षांच्या पुरुषाचा 0.9 ला साधारण 91 येतो, 1.2 ला 64. मी 28 चा, मला त्याच 1.2 ला 84 च्या आसपास. क्रिएटिनिन रोज बदलत असेल तेव्हा मात्र या सूत्रावर विसंबू नका.

ईव्हीएआरनंतर ग्राफ्टभोवती रक्त गळत नाही ना, हे वर्षानुवर्षं तपासावं लागतं, बऱ्याचदा डायच्या सीटीने. म्हणून मी एक शीट केली: तारीख, क्रिएटिनिन, लॅब, डाय दिला का. सीटीच्या आधी ती डॉक्टरांना दाखवायची, म्हणजे डॉपलर सोनोग्राफीवर भागेल का हे त्यांना ठरवता येतं. शीट आता मामीच्या फोनवरही आहे.