परक्याची पोढी

कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये आमचं पिंपरी पेंढार. माळशेज घाट चढून वर आलेला माणूस आमच्या दारावरूनच पुढे जातो. दसरा झाला की याच रस्त्याने ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येऊ लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, डालग्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरं. उसाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि पहिल्याच संध्याकाळी एखादी बाई हंडा घेऊन विहिरीपाशी येते. "मावशी, पाणी भरू का?" माझ्या आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "भर की गं. विचारायचं काय त्यात?"

नव्या गावात राहायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. आमच्या जुन्नर तालुक्यात या प्रश्नाशी जोडलेली एक ओळ जवळपास 2000 वर्षांपासून दगडावर कोरलेली आहे.

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी असे त्यांचे गट. एका शहराभोवती एवढी लेणी का खोदली गेली, याचं उत्तर नाणेघाटात मिळतं. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने देशावर चढायचा. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. मालाबरोबर माणसं आली, त्यातली काही इथेच राहिली. भिक्खूंसाठी लेणी खोदायला ज्यांनी पैसा दिला, त्यांची नावं भिंतींवर आहेत. त्यांत तिघांच्या नावांपुढे 'यवन' असं लिहिलेलं आहे. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परदेशी माणसांनाही हा शब्द लागू झाला.

या तिघांपैकी चिट याने संघाला भोजनमंडप दिला. चंद याने मानमोडीच्या लेण्याचा दर्शनी भाग करवून घेतला. आणि इरिल याने दिल्या दोन 'पोढी', म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची दोन टाकी. सह्याद्रीत फिरणारे काही लोक अशा टाक्याला आजही पोढी म्हणतात. हे लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहेत. मराठीचं मूळ ज्या भाषाकुळात आहे, त्यातलीच ही भाषा. दूर देशातून आलेल्या या माणसांनी आपलं दान इथल्या भाषेत नोंदवलं. चंद हे नाव तर कानाला थेट इथलंच वाटतं. यवन ही ओळख त्यांनी लपवली नाही, आणि गावानेही त्या ओळखीसकट त्यांना आपल्या डोंगरावर जागा दिली. परक्या गावात रुजणं म्हणजे काय, हे मला या तीन छोट्या लेखांइतकं नेमकं कुठेच सापडलेलं नाही.

सगळ्याच परक्यांना असं स्वागत मिळालं, असं मात्र नाही. 1469 च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन जुन्नरला पोहोचला. व्होल्गा नदीवर त्याचा माल लुटला गेला होता. कर्ज डोक्यावर घेऊन घरी परतणं शक्य नव्हतं. मग इराणमार्गे, समुद्र ओलांडून तो चौलला उतरला. बरोबर विकण्यासाठी एकच घोडा. तिथून पाली, पुढे सह्याद्री चढून जुन्नर. पावसाळा लागला आणि तो दोन महिने इथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, त्याच दिवसांत चालणारी नांगरणी-पेरणी, घोड्यांना मिळणारी खिचडी, एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशी गडाची अरुंद वाट, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. आमच्या भागातल्या पावसाळ्याचं एका परदेशी पाहुण्याने केलेलं इतकं जुनं वर्णन दुसरं माझ्या वाचनात नाही.

पण जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि हजार मोहराही, असं सांगून चार दिवसांची मुदत दिली. निकितिन हवालदिल झाला. शेवटी खोरासानच्या महंमद नावाच्या माणसाने खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. हा मदतीला धावलेला माणूसही परमुलखातलाच होता, हे विसरता येत नाही. परक्याची अडचण परक्याने ओळखली. तेव्हाच्या बहमनी राज्यात बाहेरून आलेल्यांना आफाकी म्हणत आणि त्यांचं दख्खनींशी सतत वैर चाले. राज्याचा कारभार पाहणारा महमूद गावान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून आलेला होता. निकितिन पुढे बिदरला गेला, परतीच्या वाटेवर त्वेर गाठण्याआधीच वारला. त्याची वही मात्र उरली.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला होती. ती आणली मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे दख्खनचा सर्वांत कर्तबगार वजीर ठरला. जुन्नरजवळच्या हापूसबाग या गावाचं नाव हबशी बागेवरून पडलं, असं इथले लोक सांगतात.

आजही जग आमच्या तालुक्यात येतंच आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांमधून विश्वाचा वेध घ्यायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होते, आणि व्हायलाच हवी. माझी काळजी कोपीतल्या पाहुण्यांची आहे.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागाला पाणी दिलं, पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. इथे जन्मलेल्या माणसाला सावध राहण्याची सवय असते. काल आलेल्या कुटुंबाला ती कुठून असणार? वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस आणि लहान मूल बिबट्याला सावजासारखं दिसतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कोणी तरी सांगायला हवं. कोपी उसाला चिकटून नको, मोकळ्या जागेत हवी. दिवेलागणीनंतर पोर एकटं सोडू नये. अंधारात बाहेर जाताना बरोबर माणूस आणि हातात बॅटरी हवी. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. शाळेचा दाखला जवळ नसला, वर्ष अर्धं उलटून गेलं असलं, तरी शिक्षणहक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आणि 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे आपल्या गावचं कार्ड इथल्या दुकानातही चालतं. कित्येक कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचतच नाही, कारण त्यांच्याशी मुकादम सोडून कोणी बोलतच नाही.

जुन्नरला मोठेपण आलं ते घाट चढून आलेल्या माणसांमुळे, आणि त्यांना सामावून घेणाऱ्या माणसांमुळे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा टोळ्या आलेल्या असतील. फराळाचं ताट घेऊन एकदा कोपीपर्यंत जा. विहीर दाखवा, शाळा दाखवा, बिबट्याची वाट दाखवा आणि त्यांची नावं विचारून घ्या. इरिलने आपल्यासाठी दोन पोढ्या खोदून ठेवल्या. आपण निदान एक हंडा पाणी देऊ.