ब्रेक बदलले, काटा थांबला

जुन्या वाड्याची डागडुजी करताना एका भिंतीला हात लावावा आणि तडा दुसऱ्याच भिंतीला जावा, तसा प्रकार जुन्या मोटारींच्या बाबतीत पुष्कळदा घडतो. जर्मनीची सुप्रसिद्ध फोक्सवॅगन बीटल हे त्याचे बोलके उदाहरण होय. २००३ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल तयार झाली, तोवर या गाड्यांची संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती. त्यांतील कितीतरी गाड्या परदेशांतील शौकिनांनी आजही जिवापाड जपल्या आहेत.

या गाडीला पुढील चाकांत बहुधा ड्रम ब्रेक असत. १९६६ मध्ये आलेल्या १५०० बीटलला युरोपात पुढे डिस्क ब्रेक मिळाले. अमेरिकेत गेलेल्या बीटल मात्र ड्रमवरच राहिल्या. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते, म्हणून वारंवार ब्रेक दाबूनही तिची पकड सहसा ढिली पडत नाही. आजच्या वेगवान रहदारीत हे आवश्यक वाटून अनेक मालक ड्रम काढून डिस्क बसवितात. काम उत्तम होते, गाडी जागच्या जागी थांबते. परंतु वेगमापकाचा काटा शून्यावरून हलतच नाही!

ब्रेकचा आणि काट्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याकडील अँबॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत वेगमापकाची केबल गिअरबॉक्सपासून निघते. तेथे ब्रेक बदलल्याने तिला धक्का लागत नाही. बीटलची रचना निराळी. तिची केबल डाव्या पुढच्या चाकाच्या पोकळ आसातून बाहेर येते. तिचे चौकोनी टोक हबवरील ग्रीसच्या टोपीतल्या चौकोनी छिद्रात बसते आणि लहानशा पिनेने वा क्लिपने अडकविलेले असते. चाक फिरले की टोपी फिरते, टोपीबरोबर केबल फिरते. ज्यांच्या घरी बजाज चेतक नांदली, त्यांना पुढच्या चाकातून निघणारी केबल परिचित आहे. नव्या डिस्कच्या हबवर येणारी टोपी पुष्कळदा बिनछिद्राची असते. मग केबलला फिरविणार कोण?

डबीच्या आतले यंत्रही समजून घेण्याजोगे आहे. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. केबल एक चुंबक फिरविते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे तिच्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावते, तेथे काटा वेग दाखवितो. अंतराचे आकडे मात्र दातेरी चक्रे फिरवितात.

म्हणून दोष शोधताना प्रथम दोन्ही गोष्टी पाहाव्यात. काटा व आकडे दोन्ही थांबले असतील, तर केबल फिरत नाही असे बहुधा समजावे. एकच थांबले असेल, तर दोष डबीत आहे.

दुरुस्तीसाठी मागील चाकांना अटकाव लावून गाडी जॅकने उचलावी व भक्कम घोडीवर टेकवावी. जुनी टोपी नव्या हबवर घट्ट बसत असेल, तर काम तेथेच संपते. बसत नसेल, तर छिद्राची योग्य टोपी मिळवावी. अथवा नव्या टोपीच्या अगदी मध्यभागी बारीक छिद्र पाडून ते कानशीने चौकोनी करावे. गोल छिद्रात टोक नुसतेच घसरत राहील. हे काम टोपी काढून घेऊनच करावे, कारण लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये गेला तर ब्रेकपेक्षा मोठा खर्च उभा राहतो. मग केबल मागून अलगद पुढे सारून टोक छिद्रात घालावे, क्लिप लावावी आणि फटीतून ग्रीस बाहेर व धूळ आत जाणार नाही असे लुकण लावावे. नवी टोपी अधिक उंच असल्यास केबल ताणून बसवू नये. स्टिअरिंग पूर्ण वळवूनही ती सैल राहिली पाहिजे. हबचा नट सोडवावा लागलाच, तर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. केबलला वंगण हलकेच द्यावे आणि वरचे वीतभर टोक कोरडे ठेवावे, नाहीतर तेल चढून डबीत शिरते.

काटा हलू लागला म्हणजे तो खरे बोलतो असे नव्हे. डिस्कबरोबर कित्येकदा चाके व टायरही बदलतात. १६५/८० आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर, तर १९५/६० आर १५ चा ६१५ मिलिमीटर. लहान चाक तेवढ्याच अंतरात अधिक फेरे घेते. त्यामुळे खरा वेग ६० असता काटा सुमारे ६३ दाखवितो. मोठे टायर घातल्यास उलट घडते, आणि ते अधिक घातक. कारण गाडी काट्यापेक्षा वेगाने धावत असते. पडताळा सोपा आहे. मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटर-दगडांमधील वेळ घड्याळात मोजावा. बरोबर ६० सेकंद लागले तर काटा खरा. ६३ लागले तर खरा वेग ५७.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. परंतु वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यास ब्रेकला चौपट अंतर लागते. ६० वरून ८० वर गेल्यासच ते पाऊणपट वाढते. चांगल्या ब्रेकने चालकाचा धीर वाढतो, आणि काटा मुका असेल तर तो धीर आंधळा ठरतो. शिवाय अंतराचे आकडे थांबले की तेल बदलण्याची वेळ कळत नाही आणि गाडी विकताना घेणाऱ्याला खरा हिशेब देता येत नाही.

तेव्हा जुन्या गाडीत नवा भाग बसविताना, काढलेला भाग आणखी कोणकोणती कामे करीत होता हे मेकॅनिकला आधी विचारावे. ज्या टोपीला आपण केवळ ग्रीसचे झाकण समजतो, तिच्याच आधाराने काटा चालत असतो.