पहिला पॅडलबोर्ड निवडताना…

उभे राहून, हाती लांब वल्हे घेऊन संथ पाण्यावरून सरकत जाण्याचा 'स्टँडअप पॅडलबोर्डिंग' हा जलक्रीडाप्रकार गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या परिचयाचा झाला आहे. सुटीत तासभर भाड्याच्या बोर्डवर तोल सावरता आला, की स्वतःचा बोर्ड असावा, असे अनेकांना वाटू लागते. मात्र दहा फुटांची टणक फळी शहरातील सदनिकेत ठेवायची कोठे आणि लिफ्टमधून न्यायची कशी, हा प्रश्न उरतोच. हवा भरून वापरावयाचा बोर्ड हे त्याचे सोपे उत्तर. हवा काढल्यावर तो गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावतो. बाजारात असे बोर्ड अनेक आहेत. पण पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे नवशिक्याला ठाऊक नसते.

फुगा नव्हे, फळी

हा बोर्ड फुग्यासारखा गोल न होता सपाट राहतो, याचे रहस्य त्याच्या पोटात आहे. वरचा आणि खालचा थर हजारो बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो. हवा भरली, की हे धागे ताणले जातात आणि बोर्ड टणक होतो. या रचनेला 'ड्रॉप स्टिच' म्हणतात. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये हवा भरून उडविण्याचे विमान बनविले, तेव्हा त्याच्या पंखांसाठी याच तत्त्वाचे कापड वापरले होते. हा टणकपणा येण्यासाठी बहुतेक बोर्डांमध्ये १२ ते १५ पीएसआय दाब लागतो; म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या साधारण निम्मा. दाब कमी राहिला, तर चांगला बोर्डही मध्यभागी वाकतो आणि तोल जातो.

मापे पाहा, रंग नको

प्रौढ नवशिक्यासाठी १० ते ११ फूट लांबी, ३२ ते ३४ इंच रुंदी आणि ६ इंच जाडी ही मापे योग्य ठरतात. रुंदीमुळे तोल सावरतो, तर जाडीमुळे ताठपणा येतो. ४ इंच जाडीचे बोर्ड स्वस्त मिळतात. मात्र प्रौढ माणसाच्या वजनाखाली ते लवचिक होतात. बोर्डवर छापलेली कमाल वजनमर्यादा ही 'बुडणार नाही' एवढीच हमी देते, असे समजावे. सुखाने उभे राहायचे, तर आपले आणि सामानाचे एकत्रित वजन त्या मर्यादेच्या बरेच खाली हवे.

खर्च वाचवायचा असेल, तर तो वल्ह्यावर वाचवावा. ॲल्युमिनियमचे वल्हे जड असले, तरी सुरुवातीला चालते. पुढे हलके घेता येते. मात्र त्याची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे. आपल्या उंचीपेक्षा सुमारे ८ ते १० इंच लांब वल्हे सोयीचे असते. हातपंप वर आणि खाली अशा दोन्ही वेळा हवा भरणारा असावा व त्याला दाबमापक असावा. बोर्डाखालचा पर, म्हणजे 'फिन', मोडला तर बदलून मिळतो की नाही, हेही विचारून घ्यावे.

वापरलेला बोर्ड घेताना तो पूर्ण दाबापर्यंत फुगवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी दाब मोजावा. झडप आणि शिवणीवर साबणाचे पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांवरून लगेच कळते.

येथे काटकसर नको

लाइफ जॅकेट आणि बोर्डशी बांधून ठेवणारा पट्टा या दोन गोष्टींवर मात्र काटकसर करू नये. पाण्यात पडल्यावर वारा बोर्डाला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर नेऊ शकतो. अशा वेळी हा पट्टाच आधार असतो. वाहत्या नदीत मात्र घोट्याला बांधलेला हाच पट्टा झाडाच्या फांदीत वा बंधाऱ्यात अडकला, तर जिवावर बेततो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅव्हरफोर्डवेस्ट येथे पुराने भरलेल्या नदीवरील बंधाऱ्यावरून बोर्ड खाली गेले आणि चौघांचा मृत्यू झाला. प्रवाहात जायचेच असेल, तर कमरेला बांधलेला आणि एका झटक्यात सुटणारा पट्टा लागतो. नवशिक्याने मात्र वाहत्या पाण्यात आणि बंधाऱ्याजवळ जाऊच नये.

कोकण किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात, तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. हिवाळ्याच्या सकाळी किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे दिसते, ते अनेकदा या मतलई वाऱ्यांमुळेच. परंतु हाच वारा उभ्या माणसाला नकळत खोल समुद्राकडे ढकलतो आणि परतताना वल्हे मारून दम लागतो. खाडीत ओहोटीही तेच करते. म्हणून निघण्यापूर्वी वारा आणि भरती-ओहोटीची वेळ पाहावी, एकट्याने जाऊ नये आणि जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर असा मार्ग ठेवावा. वारा वाढल्यास बोर्डवर गुडघे टेकून किंवा पालथे पडून वल्हवावे. उभे शरीर शिडासारखे वारा धरते. पावसाळ्यात समुद्र टाळावा, तर धरणांच्या जलाशयात उतरण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

निगा सोपी आहे. फुगविलेला बोर्ड उन्हात वाळूवर ठेवू नये. आतील हवा तापून दाब वाढतो आणि शिवणीवर ताण येतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर तो गोड्या पाण्याने धुवावा आणि सावलीत पूर्ण वाळवूनच गुंडाळावा; ओला ठेवल्यास बुरशी धरते.

खरेदीची घाई करू नये, हे उत्तम. दोन-तीन वेळा भाड्याच्या वेगवेगळ्या बोर्डवर उभे राहिले, की आपल्याला किती रुंदी लागते, हे पायांनाच कळते. त्यानंतर प्रथम लाइफ जॅकेट घ्यावे आणि उरलेल्या पैशांत बसेल तो बोर्ड.