पाण्याखालचा एल्फ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनारम्य भूमिका-खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि अडलेल्या प्रसंगांचा निकाल फाशांवर सोडायचा. त्यातल्या टोकदार कानांच्या एल्फ जमातीची एक शाखा समुद्रात राहते: सी एल्फ.

सी एल्फ हवेत आणि पाण्यात सारख्याच सहजतेने श्वास घेतो. पाण्यातल्या प्राण्यांना तो साध्या गोष्टी समजावू शकतो. गप्पा मात्र नाहीत; माशाकडून खजिन्याचा नकाशा मिळेल ही आशा सोडावी. पण खरी मजा लढाईत आहे. २०१४च्या नियमांनुसार, पोहण्याचा वेग नसलेल्या पात्राने पाण्याखाली लांब तलवार चालवली, तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरावा लागतो. भाला, त्रिशूळ, खंजीर यांना ही अडचण नाही. सी एल्फला पोहण्याचा वेग जन्मतःच असल्याने तो लांब तलवारही बिनधास्त चालवतो. पाण्यात पूर्ण बुडालेल्यांना आगीचा मारही निम्माच बसतो.

गोम अशी की, मोहीम वाळवंटात निघाली तर यातलं बरंचसं फुकट जातं. म्हणून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला आधीच विचारावं, कथेत पाणी किती आहे? असलं, तर साहुआगिन हे माशासारखे हिंस्र शत्रू हवेतच. त्यांच्यात क्वचित हुबेहूब सी एल्फसारखा दिसणारा ‘मॅलेंटी’ जन्मतो आणि हेर म्हणून वावरतो. त्यामुळे आपल्याच माणसांवर संशय घेणारा सी एल्फ रंगवायला मला जास्त आवडेल.