चाळणीतून काय गळते?

शाखेच्या संगणकातून निघणारा कर्जखात्यांचा अहवाल कित्येक पानांचा असतो. हप्ता थकलेल्या मोजक्या खातेदारांना वेळीच कळवायचे, तर ती सारी पाने चाळत बसणे शक्य नसते. मग अहवालाला निकष लावला जातो आणि हव्या तेवढ्याच ओळी पडद्यावर उरतात. या सोयीला 'फिल्टर' म्हणतात. तिचे काम धान्याच्या चाळणीसारखेच. मात्र चाळणीतून पडलेले दाणे खालच्या परातीत दिसतात, फिल्टरने वगळलेली खाती दिसतच नाहीत.

म्हणूनच निकषातील एखाद्या लहानशा शब्दाला मोठे महत्त्व येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत मुदत कर्जाची वर्गवारी दिवसांवरून होते. ३० दिवसांपर्यंत 'एसएमए-०', ३० पेक्षा जास्त ते ६० पर्यंत 'एसएमए-१', ६० पेक्षा जास्त ते ९० पर्यंत 'एसएमए-२' आणि त्यापुढे अनुत्पादक खाते. आता एका यादीसाठी '३० पेक्षा कमी' आणि दुसरीसाठी '३० पेक्षा जास्त' असा निकष लावला, तर बरोबर तिसाव्या दिवसावर असलेले खाते दोन्ही याद्यांतून निसटते. त्या कर्जदाराला स्मरणपत्र जात नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे खाते पुढच्या वर्गात सरकते. पहिल्या यादीला 'कमी किंवा तितकेच' हा निकष हवा होता.

दिवस कसे मोजले आहेत, हेही पाहावे लागते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने याचे उदाहरणच दिले आहे. ३१ मार्च २०२१ रोजी देय असलेला हप्ता त्या दिवसअखेरपर्यंत न भरल्यास खाते त्याच तारखेपासून थकीत ठरते. ते तसेच राहिल्यास ३० एप्रिलला 'एसएमए-१', ३० मेला 'एसएमए-२' आणि २९ जूनला अनुत्पादक होते. म्हणजे देय तारीख हाच पहिला दिवस. अहवालातील रकान्यात दोन तारखांची नुसती वजाबाकी असेल, तर ३० एप्रिलला तेथे ३१ नव्हे, ३० हा आकडा दिसेल आणि '३० पेक्षा जास्त' हा अचूक वाटणारा निकषही ते खाते वगळेल.

'आणि' व 'किंवा' यांची गंमत निराळी. बोलताना आपण 'पुणे आणि इंदूर येथील खाती काढा' असे सहज म्हणतो. शहराच्या रकान्याला हाच 'आणि' लावला, तर एकही खाते येत नाही, कारण एकाच ओळीत दोन शहरे असू शकत नाहीत. तेथे 'किंवा' हवा. ही दोन शहरे वगळायची असतील, तेव्हा मात्र 'पुणे नाही' आणि 'इंदूर नाही' असा 'आणि'च लागतो. नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: कोणी 'बडोदा' लिहिलेले असते, कोणी 'वडोदरा'. 'तंतोतंत तेच' असा निकष त्यांपैकी एकालाच ओळखतो.

खात्याचा उतारा एक्सेलमध्ये उघडणाऱ्या ग्राहकांनाही हे अनुभव येतात. रक्कम आकड्याऐवजी मजकूर म्हणून उतरली असेल, तर '१०,००० पेक्षा जास्त' या निकषाला ती दाद देत नाही. रकान्याच्या यादीत 'नंबर फिल्टर्स'ऐवजी 'टेक्स्ट फिल्टर्स' दिसू लागले, की दोष तेथेच आहे असे समजावे. व्यवहाराच्या तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल, तर '१ एप्रिल ते ३० जून' या निकषात ३० जूनचे दिवसभराचे व्यवहार गळू शकतात, कारण नुसती तारीख म्हणजे संगणकाच्या लेखी त्या दिवसाची मध्यरात्र. '१ जुलैच्या आधी' असे लिहिल्यास हा घोळ टळतो.

बेरजेचेही तसेच. 'सम' हे सूत्र लपलेल्या ओळीही मिळवते. पडद्यावर उरलेल्या ओळींचीच बेरीज हवी असेल, तर 'सबटोटल' वापरावे लागते.