किती जॉब पूर्ण झाले?

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाजनगर ही या भागातील कामगारांची मोठी वस्ती आहे. आसपासच्या वर्कशॉपमध्ये लेथवर सुटे भाग तयार होतात. लेथवर चढवलेल्या तुकड्याला कामगार 'जॉब' म्हणतात. लेथ दिवसभर फिरला, एवढ्याने भागत नाही. शिफ्ट संपताना किती जॉब पूर्ण झाले, हे मोजावे लागते.

संगणकाला दिलेल्या कामालाही 'जॉब'च म्हणतात. ठरावीक वेळेत जितके जॉब पूर्ण होतात, त्याला 'थ्रूपुट' म्हणतात. संगणकात हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. प्रोसेसर एक आणि जॉब अनेक असले, की तो प्रत्येकाला आळीपाळीने थोडा थोडा वेळ देतो.

त्यामुळे काम जास्त होते का? आपण हिशेब करून पाहू. समजा, दोन जॉब आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटे हिशेब करायचा आहे. एकामागून एक केले, तरी वीस मिनिटे लागतात. आळीपाळीने केले, तरी तेवढीच लागतात. उलट, लेथची सेटिंग बदलताना जसा वेळ जातो, तसा जॉब बदलतानाही थोडा वेळ जातो.

आता समजा, प्रत्येक जॉबला मधून मधून डिस्कवरील माहितीची वाट पाहावी लागते. ही वाट पाहणेही एकूण दहा मिनिटांचे आहे. एकामागून एक केले, तर चाळीस मिनिटे लागतील. पण एक जॉब थांबला असताना प्रोसेसरने दुसरा हाती घेतला, तर दोन्ही वीस मिनिटांहून थोड्याच जास्त वेळात होतील. थ्रूपुट जवळजवळ दुप्पट!

मात्र फार जॉब एकदम घेतले, तर मेमरी पुरत नाही. मग संगणक माहितीची ने-आण करण्यातच गुंततो आणि थ्रूपुट घटते. म्हणून एक, दोन, चार असे जॉब वाढवत जावे आणि दर वेळी तासात किती पूर्ण झाले, ते लिहून ठेवावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ साली 'अर्का' हा महासंगणक सुरू झाला. त्यात हजारो प्रोसेसर हवामानाचा हिशेब करतात. पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर मिळाला, तर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून थ्रूपुटबरोबरच एकेक जॉब किती वेळात झाला, हेही पाहावे लागते. यंत्र असो की माणूस, नुसते गुंतून राहणे म्हणजे काम होणे नव्हे.

शब्दार्थ : आळीपाळीने – पाळीपाळीने, ठरावीक – आधी ठरवलेला.

स्वाध्याय :
१. थ्रूपुट म्हणजे काय?
२. फार जॉब एकदम घेतल्यास काय होते?