खडे वजा

१९८६ साली माझी बदली आरमोरीच्या शाखेत झाली. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. जुनी माणसं अजून स्वतःला चांद्याचीच म्हणवत. सोनेतारण कर्जाचं काम माझ्याकडे होतं. सराफ दागिना कसोटीवर घासायचा, तोलायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो : एकूण वजन इतकं, खडे वजा इतके. बँकेच्या लेखी खडा काचेचा असो की हिऱ्याचा, तो वजाच.

गंमत अशी, की हा व्यवहार वैरागडच्या शेजारी चालायचा. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरे सापडण्याच्या ठिकाणांत वेणा नदीचा काठ येतो आणि काही अभ्यासक ही वेणा म्हणजे आपली वैनगंगा मानतात. एका रविवारी किल्ला बघायला गेलो. तटावर झाडोरा माजलेला, आत सामसूम. एका पोरानं मूठभर गारगोट्या पुढे केल्या. ‘‘घ्या साहेब, हिरे!’’ आठ आणे देऊन मी दोन घेतल्या.

हे आठवलं ते आईच्या अंगठीमुळे. आई ब्रह्मपुरीची. अंगठीतला हिरा वैरागडचा, असं तिची आजी सांगायची म्हणे. पुरावा काही नाही. माहेरच्या गोष्टींना तो मागायचाही नसतो. हिरा पसरट, मंद, एका कडेला टिचलेला. गेल्या दिवाळीत मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, हा अगदी काचेसारखा दिसतो. नवे पैलू पाडून घेऊ या का?’’

तिचं चूक नव्हतं. आपल्या जुन्या रत्नशास्त्रानं उत्तम मानला तो सहा टोकांचा, आठ बाजूंचा, बारा धारांचा हिरा. म्हणजे जमिनीतून निघतो तसाच. कारागिरानं हात लावायचा तो दोष झाकण्यापुरता, आणि वजन राखून. आजचा हिशेब प्रकाशाचा. वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच बाहेर पडला पाहिजे. त्याची मापं मार्सेल टोल्कोव्स्कीनं १९१९ साली गणितानं मांडली. तळ उथळ असला की उजेड खालून निसटतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो.

हा हिशेब बसवायचा तर घासावं लागतं. फिरत्या लोखंडी चकतीवर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड, कारण हिऱ्याला हिराच कापतो. देवळाचा ढासळलेला दगड नवा बसवता येतो, चित्राचा उडालेला रंग भरता येतो. हिऱ्याला जोड देता येत नाही. त्याची दुरुस्ती म्हणजे वजाबाकीच.

कोहिनूरचं हेच झालं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला, म्हणून पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमहून कारागीर आणवले. १८६ कॅरटचा हिरा १०५ वर आला. पण मला जास्त लागतो तो नाशिकच्या हिऱ्याचा किस्सा. त्र्यंबकेश्वराचा हा हिरा १८१८ साली पेशवाईबरोबर कंपनीच्या हाती गेला आणि ‘नस्सक’ या नावानं लंडनला पोचला. तिथल्या रंडेल अँड ब्रिज पेढीनं पैलू पाडले, पण मूळचा घाट बराचसा राखून. ८० कॅरट शिल्लक राहिले. पुढे तो अमेरिकेत गेला तेव्हा जकातीचा खटला उभा राहिला : ही पुरातन कलावस्तू, की नुसता पैलू पाडलेला हिरा? कलावस्तूला जकात माफ होती. १९३० साली वरच्या न्यायालयानं निकाल दिला, कलावस्तू नव्हे, जकात भरा. (बँकेतल्या माणसाला हा निकाल ओळखीचा वाटतो. आम्हीही रकाना बघूनच वस्तू ठरवत असू.) दहाच वर्षांनी हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं तो विकत घेऊन पुन्हा कापवला. उरले ४३.३८ कॅरट. तो आता निर्दोष झळकतो म्हणतात. झळकत असेलही. पण देवळातल्या समईच्या उजेडात ज्या पैलूंकडे लोकांनी पाहिलं, त्यांची पूड झाली.

नागपूरला इतवारीत एका म्हाताऱ्या सराफाकडे आम्ही दोघं गेलो. त्यानं भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. ‘‘नवा घाट दिला तर तिसरा हिस्सा जाईल. पण चमकेल असा, की तुमच्या आईलाही ओळखू येणार नाही,’’ तो म्हणाला. त्याला ते कौतुकानं म्हणायचं होतं.

मुलीनं भिंग मागून घेतलं. म्हणाली, ‘‘एक पैलू मोठा, शेजारचा बारका. हात थरथरला होता का त्याचा?’’ ‘‘थरथरला नाही,’’ सराफ म्हणाला. ‘‘इथे आत रेघ आहे, बघा. ती चुकवलीय त्यानं.’’ ती पुन्हा वाकून पाहत राहिली. मी एक शब्द बोललो नाही. अंगठी तिची होणार होती.

शेवटी तिनंच सांगितलं, टिचलेली कड तेवढी गुळगुळीत करा, म्हणजे चीर पुढे सरकणार नाही. आणि कोंदण नवं करा. पंधरा दिवसांनी अंगठी आली. आधी १.१२ कॅरट, नंतर १.०७. दोन्ही आकडे मी डायरीत लिहिले. सवयीनं पुढे ‘वजा’ लिहायला गेलो, आणि पेन थांबलं. दिव्याखाली मुलगी बोट वाकडंतिकडं करून बघत होती. ‘‘बाबा, ट्यूबलाइट बंद करा ना जरा. निरांजन कुठे आहे?’’